पोळ्याचा वळ

कोळदऱ्यात वाईटपणाचं काम निघालं की गावाला भीमनगर आठवायचं. मेलेली ढोरं ओढायचं काम भीमनगरानं बौद्ध झाल्यावर टाकून दिलं, त्याला जमाना झाला होता. पण गाव हुशार, गावानं नवी वाईट कामं शोधून काढली. बाजाराच्या धावडा गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी वसलेलं हे गाव. डोंगर उघडाबोडका, पावसाचं पाणी वरून सुटलं की माती घेऊन थेट नदी गाठायचं. मग शहरातून एक संस्था आली. तिनं लोकांकडून डोंगरभर आडवे चर खणून घेतले, झाडं लावली आणि अट घातली, की गवत उभं राहीपर्यंत डोंगरावर जनावर चढवायचं नाही आणि कुऱ्हाड न्यायची नाही. अट सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केली. राखण कोण करणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मात्र टाळ्या थांबल्या आणि सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

"आपला संपत हाये की," कारभारी म्हणाला. हा कारभारी पाणलोट समितीचा अध्यक्ष. माणूस गोड बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशाच माणसाला गाव अध्यक्ष करतं.

शेजाऱ्याची गाय हाकलायची म्हणजे शेजाऱ्याशी वैर. सोयऱ्याचा बैल कोंडवाड्यात घालायचा म्हणजे लग्नकार्यात तोंड लपवायचं. ते संपतनं करावं, कारण भीमनगरातल्या संपतचं वरच्या आळीत सोयरंधायरं कोणी नव्हतं. त्याची बायको सत्यशीला बायकांच्या घोळक्यातून खुणा करत होती, घेऊ नका म्हणून. संपतला खुणा दिसल्या नाहीत की दिसून न दिसल्यासारखं त्यानं केलं, ते त्यालाच ठाऊक. त्यानं राखणीची काठी घेतली.

घरी आल्यावर तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण आतून तो डोंगर तिलाही हवा होता, कारण तिच्या घराच्या आढ्याला एक कोयता होता. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा, ती आणि संपत त्यात चढायचे आणि उन्हाळा लागेपर्यंत परमुलखात ऊस तोडायचे. तिचं थोरलं लेकरू तिथंच फडात, पाचटावर निजवलेलं असताना साप चावून गेलं होतं. त्याला पुरून ती दुपारच्या पाळीला पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहिली होती, कारण एक कोयता बंद पडला तर मुकादम ऐकून घेत नसतो. आता संस्थेनं सांगितलं होतं की जो चर खणील त्याला डोंगराच्या गवतात वाटा, मग त्याला जमीन असो नसो. सत्यशीलानं शेरडं विकून एक वगार घेतली. वगारीची म्हैस झाली, म्हैस गाभण राहिली. आता गवत आलं की म्हैस दूध देणार, दूध धावड्याच्या डेअरीला जाणार, आणि कोयता आढ्यालाच राहणार. एवढंच. याच्यापेक्षा जास्त तिनं कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

पण बद्रीनाथला एवढंही बघवत नव्हतं. बद्रीनाथ म्हणजे डोंगराखालच्या साऱ्या काळ्या रानाचा मालक. त्याच्या दावणीला गावात कुणाकडं नसतील एवढे बैल, आणि गायरान म्हणजे बापाचं अंगण असल्यासारखी त्याची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर चरलेली. चर खणायला तो एक दिवस आला नाही. पारावर बसून मात्र उघड बोलायचा, "भीमनगरात दुधाची किटली आली, तर माह्या कापसाला कोण येईल रे? तुमी येता का येचायला?" लोक हसायचे. हसण्यात काही खोटं नव्हतं, कापूस वेचायला जायची पाळी हसणाऱ्यांवर येणार नव्हती.

आखाडात पहिला दणका बसला. दिवस मावळायला बद्रीनाथच्या दोघा पुतण्यांनी गुरं डोंगरावर घातली. संपतनं ती गोळा केली आणि नियमाप्रमाणं कोंडवाड्यात नेऊन घातली. परत येताना पुतणे ओढ्यात बसलेच होते. त्यांनी त्याला पाडलं, एक छातीवर बसला, दुसऱ्यानं त्याची तंगडी दोन दगडांवर आडवी ठेवली आणि वरून धोंडा टाकला. पहिल्या धोंड्यानं मोडली नाही म्हणून दुसरा टाकला. सत्यशीला शोधत गेली तेव्हा संपत पाण्यात कोपरावर सरकत होता, आणि नडगीचं हाड कातडं फाडून बाहेर आलं होतं, पांढरंशुभ्र. तिनं लुगडं फाडून बांधलं. तिच्या ओरडण्यानं अख्खं शिवार दणाणलं, पण शेजारच्या रानात विहिरीची मोटर चालवत असलेला कारभारी काही बांध ओलांडून आला नाही.

फौजदार आला, चौकशी झाली. "अंधार पडल्ता सायेब, काई दिसलं न्हाई," कारभारीनं सांगितलं. बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही. फौजदार चहा घेऊन गेला.

पायाला प्लास्टर घालून संपतला दवाखान्यातून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी समितीचे लोक काठी परत न्यायला आले, तेव्हा सत्यशीला दारातच ती काठी धरून उभी होती.

"आता राखण मी करते," ती म्हणाली.

"बाईमाणूस तू. काई बरंवाईट झालं म्हणजे?"

"बरंवाईट घरात निजलंय ना, कारभारीदादा. अजून काय व्हायचं राह्यलं?"

कारभारीनं खाली बघितलं. त्याला मनातून सुटल्यासारखंच झालं होतं, कारण दुसरं कुणी ती काठी घेणार नव्हतं.

तिनं डोळ्यांत तेल घालून डोंगर राखला. पुतणे बांधावरून शिट्ट्या मारायचे, "एक पाय राह्यलाय गं अजून, त्याचं काय करायचं?" म्हणून विचारायचे. एका सकाळी तिचं कुत्रं खिंडीतल्या खांबाला टांगलेलं मिळालं, पोट फाडून. तिनं ते उतरवलं, पुरलं आणि त्याच खांबाला टेकून दिवसभर बसली. खिंड म्हणजे डोंगरावर चढायची एकच वाट. दोन्ही बाजूंना चरातून निघालेल्या धोंड्यांची छातीएवढी पौळ रचलेली, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा, आणि त्या जागेत एका बाजूला बाभळीचा जाड खांब पुरलेला. गवत कमरेला लागायला लागलं होतं. अजून फुलोरा धरला नव्हता. या दिवसांत जनावर आत शिरलं तर गवत मुळासकट जाणार, चरांच्या ओल्या काठांवर खूर पडले की काठ ढासळणार, आणि दोन वर्षांची मेहनत एका संध्याकाळी ओढ्यातून वाहून जाणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बद्रीनाथलाही कळत होतं. म्हणून त्यानं पोळ्याचा दिवस निवडला.

पोळ्याच्या दिवशी आपल्याकडं बैलाला कुणी मारत नाही. मानेवर जू ठेवत नाहीत, काठी लावत नाहीत, शिवीसुद्धा देत नाहीत. वर्षभर ज्याच्या पाठीचं सालपट काढलं त्याला त्या दिवशी तूप लावायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची आणि हात जोडून पुरणपोळी खाऊ घालायची. बाजारातून नवा चाबूक आणतात, रंगीत गोंड्यांचा, पण तो नुसता मिरवायला. त्या दिवशी बैलाच्या अंगावर हात टाकला तर वर्षाचं पीक जातं, घरचं माणूस जातं, असं गाव मानतं. माणसाच्या अंगावर हात टाकला तर काय जातं, याबद्दल गावाचं काही म्हणणं नाही.

मारुतीपुढं तोरण तुटलं. वाजंत्री चालू होती. तोरणाखालून बैल आपापल्या घरी ओवाळून घ्यायला जायचे. बद्रीनाथनं आपली सगळी दावण डोंगराकडं वळवली. पुढं त्याचा सालगडी कडूबा, मानाच्या हरण्याची वेसण धरून. हरण्या पांढराफेक, कपाळावर बाशिंग, शिंगांना लाल बेगड. मागं बाकीचे बैल, त्यांच्या मागं दोघे पुतणे, आणि सगळ्यांच्या बाजूनं हातात नवा चाबूक घेऊन बद्रीनाथ. वाजंत्री थांबली. गाव मागोमाग पळत आलं, समितीचे लोक काठ्या घेऊन पुढं गेले आणि खिंडीपाशी येऊन उभे राहिले.

"बद्रीभाऊ, माघारी फिरवा," कारभारी म्हणाला. "बंदी हाये ना डोंगरावर."

"बंदी गुरांवर हाये. ह्यो पोळ्याचा बैल हाये, आज त्यो देव," बद्रीनाथ म्हणाला. "पोळ्याला बैलानं गायरान पोटभर चरायचं, ही बापजाद्याची रीत. तुह्या संस्थेनं आणली का रीत? आडवा मंग. हाण काठी हरण्याला. ज्याच्यात दम असंल त्यानं पुढं व्हावं."

एकही काठी वर झाली नाही. उलट, ज्यांच्या हातात काठ्या होत्या त्यांनी त्या मागं धरल्या, हरण्याला दिसू नयेत म्हणून. तुळजाबाई नावाची एक म्हातारी समितीत होती, चर खणताना तरण्या बायांना लाजवणारी. तिनं तर येणाऱ्या बैलाला वाकून नमस्कार केला. बैल जवळ येत होते. घुंगरं वाजत होती.

मग कारभारी मागं वळला आणि खांबापाशी उभ्या असलेल्या सत्यशीलाला हळूच म्हणाला, "सत्यशीला, तू हाक."

"मी?"

"तुमच्यात पोळ्याचं काई न्हाई. तुला पाप न्हाई लागत. दोन काठ्या घाल हरण्याच्या तोंडावर, बाकीचे आपोआप फिरतील. जल्दी कर."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या मागं उभ्या असलेल्या सगळ्यांकडं पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते, समितीवाले आणि बद्रीनाथही. बद्रीनाथच्या तोंडावर हसू होतं, आणि त्या हसण्यानं तिला सगळं लख्ख कळलं. हा माणूस गवतासाठी आलाच नव्हता. भीमनगरातल्या बाईनं पोळ्याच्या दिवशी बैलाला मारलं, एवढी एकच गोष्ट त्याला घडवून आणायची होती. नामांतराच्या दंगलीत तिच्या माहेरची घरं जळाली तेव्हा ती परकरातली पोर होती. आज्जीला पाठीवर घेऊन बाप नदीत उतरला होता आणि मागं पत्रे तापून फुटल्याचे आवाज येत होते. त्या दिवशीही सुरुवात अशीच कसल्या तरी बारक्या गोष्टीपासून झाली होती. आता तिची काठी हरण्याच्या तोंडावर पडली असती, तर संध्याकाळपर्यंत भीमनगराची राख झाली असती, आणि ती राख करायला आत्ता तिला 'जल्दी कर' म्हणणारेच पुढं असते. भीमनगरातल्या चार बाया लांब टेकाडावर उभ्या होत्या. त्या खाली येत नव्हत्या, त्यांनाही हेच कळत होतं.

तिनं काठी कारभारीच्या पायाशी फेकली.

"काठी समितीची हाये. डोंगर समद्यांचा हाये. हाका तुमी."

कारभारीनं काठीकडं पाहिलं, उचलली नाही. सत्यशीला वळली, पलीकडच्या पौळीकडं पाय पसरून वाटेत आडवी बसली आणि दोन्ही हातांनी तिनं बाभळीचा खांब कवटाळला.

पुतणे पुढं झाले. बद्रीनाथनं त्यांना थांबवलं. "हात लावू नका तिला. केस व्हईल," तो म्हणाला. "बैल तुडवतील. बैलावर कुठं केस व्हती? कडूबा, घे हरण्याला म्होरं."

कडूबानं वेसण ओढली. हरण्या चार पावलं आला आणि थांबला. खाली बसलेल्या माणसावर बैल पाय देत नाही. त्यानं मान खाली घातली, तिच्या डोक्याचा वास घेतला, फुस्स करून श्वास सोडला. त्याच्या तोंडातली लाळ तिच्या कपाळावर गळली, सकाळी चारलेल्या पुरणाच्या वासाची. मागच्या बैलांची दाटी झाली, घुंगरं नुसतीच खळखळली.

"हाक की रे!"

"जाईना मालक."

"मंग हाण त्याला!"

कडूबानं वेसण सैल सोडली. "आज न्हाई मारता येत, मालक," तो म्हणाला.

मागून कुणीतरी खिक्‌ करून हसलं, आणि मग बरेच जण हसले. बद्रीनाथनं ज्या रिवाजात सगळ्यांना पकडलं होतं त्यातच तो अडकला होता. त्याला गावात आजपर्यंत कुणी हसलं नव्हतं. त्याचं तोंड काळंनिळं झालं, केसची भीती गेली, सगळंच गेलं. त्यानं चाबूक उगारला आणि सत्यशीलाच्या पाठीवर ओढला.

पहिल्या फटक्याला तिला काही कळलंच नाही, नुसता आवाज ऐकू आला. दुसऱ्याला खांद्यापासून कमरेपर्यंत कुणी तापलेली तार ओढली असं झालं. तिसऱ्याला झंपर फाटलं. ती किंचाळली, पण खांब सोडला नाही. नव्या चाबकाच्या वादीला पीळ कडक असतो; तो मानेच्या वळणावर बसला आणि तिथलं कातडं उकललं. "ऊठ! ऊठ, भिकारडे! दूध पाह्यजे तुला? दूध पाह्यजे?" तो ओरडत होता आणि दर शब्दाला मारत होता. मग त्यानं चाबूक उलटा धरला आणि मुठीकडून तिच्या डोक्यात घातला. तिच्या डोळ्यांपुढं रक्त आलं, कोमट, आणि त्या रक्तातून तिला गाव दिसत होतं.

गाव उभं होतं. तुळजाबाईनं पदर तोंडात धरला होता. कारभारी त्या काठीकडं बघत होता. कुणी म्हणालं, "आरं आरं," पण तेही हळू. एवढी माणसं एका जागी एवढी चूप तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

ती उठत नव्हती. बद्रीनाथला धाप लागली. त्याच्या शर्टावर तिच्या रक्ताचे शिंतोडे होते. त्यानं हरण्याकडं पाहिलं. हरण्या अजून तसाच मान खाली घालून तिच्यापुढं उभा होता, जणू काही झालंच नव्हतं.

"तुह्या आयला तुह्या! तू बी?" असं म्हणून बद्रीनाथनं चाबूक हरण्यावर ओढला.

फटका डोळ्याच्या कडेपासून मानेपर्यंत बसला. बाशिंग तुटून पडलं. पांढऱ्या कातड्यावर लाल रेघ उमटली आणि हरण्या असा हंबरला की पौळीवरचे कावळे उडाले. बद्रीनाथनं पुन्हा मारलं, पाठीवर. झूल फाटली.

"बैलाला मारलं रे!" तुळजाबाईच्या तोंडातला पदर सुटला. "पोळ्याच्या दिवशी बैलाला मारलं! आरं काय बघता, मेले का समदे?"

आणि तिनं पौळीवरचा धोंडा उचलून फेकला.

मग गाव हललं. सत्यशीलाला आधी वाटलं, माझ्यासाठी आले. खोटं कशाला, तिला त्या क्षणी रडू फुटलं, आले बाई एकदाचे म्हणून. पायच पाय तिच्या बाजूनं धावत गेले. एकजण तिला ओलांडून गेला. एकाचा पाय तिच्या हातावर पडला आणि त्यानं खाली बघितलंसुद्धा नाही. कारभारीनं पायाशी पडलेली काठी उचलली, तीच काठी, आणि बद्रीनाथच्या तोंडावर घातली. जबडा मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. बद्रीनाथ पडला तसे सगळे त्याच्यावर तुटून पडले. काठ्या, चपला, धोंडे. ज्यांनी कधी त्याच्यापुढं मान वर केली नव्हती ते त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होते. "बैलाला मारतो? देवाला मारतो?" दर लाथेला एकच बोल. पुतणे शेतातून पळत सुटले. धाकट्याला कापसात गाठून लोकांनी त्याचा हात पिरगाळून मोडला. बद्रीनाथ आधी शिव्या देत होता, मग पाया पडत होता, मग नुसता घरघरत होता.

सत्यशीला ते बघत होती आणि तिला आनंद होत होता. हेही खोटं कशाला सांगायचं? संपतची नडगी तिच्या डोळ्यांपुढं होती. पण ओरडणं ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं की त्यात आपलं नावच नाही. संपतचंही नाही. बैल, बैल, बैल, एवढंच. तिच्यातला आनंद तिथंच विझला, आणि पाठीची आग मोठी झाली.

टेकाडावरच्या बाया शेवटी खाली आल्या आणि तिला झोळीत घालून घेऊन गेल्या.

बद्रीनाथ मेला नाही. जालन्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होता, मग तिथंच मुलाकडं राहिला. गावात तोंड दाखवायची त्याला सोय उरली नव्हती. मार खाल्ल्यामुळं नाही, पोळ्याला बैल मारल्यामुळं. फौजदार पुन्हा आला. या वेळी अंधाराची गरज पडली नाही. सगळ्या गावानं एका सुरात सांगितलं, "बैल उधळला सायेब, मालक खाली सापडले." हरण्यासाठी भोकरदनहून जीप करून गुरांचा डॉक्टर आणला. बायांनी हळद आणली, लोणी आणलं, रोज कुणी ना कुणी त्याला ओवाळायला जायचं. कडूबानं बद्रीनाथचं साल सोडलं, पण हरण्याला काही सोडलं नाही; मालकाच्या मुलाला बैलाचं तोंड बघवेना, त्यानं तो कडूबाच्याच दावणीला दिला.

सत्यशीलाच्या पाठीवर भीमनगरातल्या बायांनी हळद भरली. मानेजवळची जखम चिघळली तेव्हा ती एकटीच जीपमध्ये बसून धावड्याला गेली आणि सुई घेऊन आली. ताप उतरला तशी पुन्हा खिंडीत जाऊन बसायला लागली. येणारेजाणारे तिच्याशी आता आदरानं बोलायचे. "तुह्यामुळं डोंगर वाचला बरं," असंही म्हणायचे.

दसरा झाला. मुकादमाचा ट्रक आला तेव्हा संपत कुबडी टेकत दारात आला आणि त्यानं नाही म्हणून मान हलवली. ट्रक पुढं गेला. सत्यशीला आत उभी राहून त्याचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत होती. मग तिनं आढ्याचा कोयता काढला, फरशीवर पाणी टाकून त्याला धार लावली आणि डोंगराची वाट धरली. त्या दिवशी गवत कापायला सुरुवात होणार होती.

सारं गाव जमलं होतं. संस्थेची जीप आली होती. गवत फुलून पिवळं पडलं होतं आणि वाऱ्यानं वाकत होतं, चरांत अजून पाणी होतं. बघून कुणाचेही डोळे निवावेत. कारभारीनं नारळ फोडला आणि भाषण केलं. "ह्यो डोंगर हरण्यानं राखला," तो म्हणाला. "म्हणून समितीनं ठरीवलं, की पहिला भारा हरण्याचा. आन तो कापायचा मान आपल्या सत्यशीलाबाईचा." टाळ्या झाल्या. कडूबानं हरण्याला आणलंच होतं, हार घालून.

सत्यशीला पुढं झाली. विळ्याच्या जागी कोयता बघून एक-दोघं हसले. तिनं वाकून कापायला घेतलं. उसाच्या फडात शिकलेला हात, एका दमात तिनं भाऱ्याएवढं गवत आडवं केलं, गवताचाच बंद वळून भारा आवळला आणि उभी राहिली.

"ह्यो भारा माह्या म्हशीचा हाये," ती म्हणाली.

कारभारीला वाटलं तिनं ऐकलं नसेल. "आगं बाई, पहिला हरण्याचा..."

"ऐकलं मी, दादा. हरण्यानं काई राखलं न्हाई. हरण्या हुबा होता. मी बसल्ते." तिचा आवाज चढला नव्हता, पण कोयता हातात होता, आणि कुणी मधे बोललं नाही. "माह्या पाठीवर चाबूक पडत होता तवा तुमी समदे हुबे होते. मी एकेकाचं तोंड पाह्यलंय. एक काठी उठली न्हाई. संपतचा पाय मोडला तवा बी न्हाई. बैलाच्या अंगावर एक वळ उठला तर तुमी माणूस मरेस्तोर मारला. चांगलं केलं. पण मला सांगू नका माह्यासाठी केलं म्हणून. पहिला भारा मी घेऊन राह्यले. ज्याला आडवायचं त्यानं आडवावं."

तिनं कोयता कमरेला खोचला आणि भाऱ्याला हात घातला. ओल्या गवताचा भारा एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतोच. संपत कुबडीवर होता. संस्थेचे साहेब जीपकडं बघायला लागले. कारभारी पुढं यायला निघाला, पण तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो जागच्या जागी थबकला.

"तुळजामाय," ती म्हणाली, "हात लाव."

तुळजाबाईनं आजूबाजूला पाहिलं. मग हळूहळू चालत आली, वाकली आणि भाऱ्याला पलीकडून हात घातला. दोघींनी तो गुडघ्यापर्यंत उचलला तेव्हा सत्यशीलाचा पदर खांद्यावरून सरकला. मानेच्या वळणावर, झंपरच्या काठापाशी वळ होता, फुगलेला, मधून अजून ओला.

"आगं माय," तुळजाबाई पुटपुटली. "आजून भरला न्हाई व्हय गं ह्यो?"

"बैलाचा भरला का, माय?"

तुळजाबाईचे हात भाऱ्यावर तसेच राहिले. तिला वर बघवेना.

"त्याचा कवाच भरला," ती म्हणाली, आणि तिनं भारा सत्यशीलाच्या डोक्यावर चढवला.